मधला एकच दात

"माश्यांना हात लावून आलीस ना? आधी हात धू, मग पातेल्याला शिव," आई म्हणाली.

पेणच्या स्टँडवरून चालत येऊन मी नुकतं कुठे उंबऱ्यात पाऊल टाकलं होतं. "आई, माश्या मुंबईला आहेत. मी इथे आहे."

"तरी धू."

"आणि त्यांची जेवणं आपल्यापेक्षा बरी असतात हो, आई," वैजूवहिनी भाकरी थापता थापता म्हणाली. "मक्याचं पीठ काय, गूळ काय! आमच्या वन्सं रोज शिरा करून घालतात त्यांना. मला मात्र लग्न होऊन आल्यापासून कधी कपभर चहा करून दिला नाही."

"तू बाटलीत राहायला ये, तुलाही घालीन."

वहिनी हसली. आई हसली नाही. हल्ली वहिनी बोलायला लागली की आई भिंतीकडे बघायची.

मी तेव्हा मुंबईत एका संशोधन संस्थेत होते. पिकल्या केळ्यावर घोंगावतात त्या बारक्या फळमाश्यांचा डोळा कसा तयार होतो, हा माझा विषय. "एवढी शिकली नि माश्या मारते," असं आमच्या आळीत म्हणत. मला गोड बोलता येत नाही, त्यामुळे मीही म्हणायचे, "हो, मारते. तुम्हाला मारायच्या असतील तर या."

आमचं घर मागे आणि पुढे गणपतीचा कारखाना. आजोबांपासूनचा. अण्णा गेल्यावर दादा, म्हणजे मोरेश्वर, तो बघायचा. माती मळणं, साच्यात भरणं, रंग देणं ही कामं गडी करायचे. पण डोळ्यांची आखणी फक्त दादा. शेवटचं काम ते. दादा ब्रश हातात घेऊन बसला की कारखान्यात कुणी बोलायचं नाही. तोवर ती माती, आखणी झाली की देव. मग सगळे हात जोडायचे.

आणि दादाला वरचा मधला दात एकच होता. तुमच्याआमच्यासारखे पुढचे दोन नव्हेत. नाकाच्या बरोबर खाली, मधोमध, एकच. अण्णांनाही तसाच. आजोबांनाही होता म्हणतात. गणपती करणाऱ्याच्या घरात असा दात! मग काय विचारता. एकदंताचा प्रसाद! गिऱ्हाइकं लांबलांबून यायची, "एकदंताच्या हातची मूर्ती हवी" म्हणायची. म्हाताऱ्या बायका दादाला "हस बघू जरा" म्हणून दात बघायच्या आणि त्याच्याच पाया पडायच्या. दादा लाजेनं लालबुंद व्हायचा. माझे दात चारचौघांसारखे निघाले तेव्हा आजी म्हणाली होती, मुलीला कशाला लागतोय प्रसाद.

वहिनी रोह्याची. तिची तीन गेली. पहिलं तिसऱ्या महिन्यात पडलं. दुसरं पूर्ण दिवसांचं, पण मेलेलंच आलं. ते तिला कुणी दाखवलं नाही, दादानंच गुंडाळून नेलं. तिसऱ्याच्या वेळी पाचव्या महिन्यात सोनोग्राफी केली, तर डॉक्टर म्हणाले, मेंदूचे दोन भागच झालेले नाहीत, हे जगायचं नाही. तेही काढावं लागलं. ते त्याच वर्षीच्या चैत्रात. प्रत्येक वेळी वहिनीनं नाव ठरवलेलं असायचं. प्रत्येक वेळी आईनं आळीभर सांगितलं, हिचा पायगुणच तसा.

त्या तिसऱ्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या संस्थेत एका बाहेरच्या डॉक्टरांचं व्याख्यान होतं. मी मागच्या रांगेत डुलक्या काढत होते. पडद्यावर एका माणसाच्या उघड्या तोंडाचा फोटो आला. वरचा मधला दात एकच. मी चक्क मोठ्यानं हसले. "अगं, हा तर आमचा दादा!" शेजारच्या मुलीला म्हणाले. ती माझ्याकडे विचित्र बघायला लागली. मग डॉक्टर काय बोलताहेत ते मला ऐकू आलं. ते म्हणत होते, असा दात हीच ज्यांच्यात एकुलती एक खूण असते, त्यांची मुलं बऱ्याचदा जगत नाहीत. मी वही उघडली. ज्या जनुकाबद्दल ते बोलत होते, त्याचंच भावंड मी माशीत रोज बघत होते.

मी पेणला जाऊन दादाचं, वहिनीचं नि माझं रक्त घेतलं. वहिनीनं पटकन हात पुढे केला. "बघा माझ्यात काय निघतंय ते. एकदा कळू दे," म्हणाली. दादा म्हणाला, "माझं कशाला?" मी म्हटलं, "सत्यनारायणासारखं असतं ते, जोडीनं बसावं लागतं." निकाल यायला आषाढ उजाडला. तो सांगायलाच मी आले होते. कसा सांगायचा हे गाडीत घोकत आले होते, पण आईनं मला घोकलेलं काही बोलू दिलं नाही.

जेवायला बसलो. दादा कारखान्यातून रंगाचे हात धुऊन आला. आईनं आमटी वाढली आणि वाढता वाढता म्हणाली, "रविवारी वैजूचा भाऊ येतोय तिला न्यायला. मी निरोप पाठवलाय."

"कशाला?" दादानं विचारलं.

"जाऊ दे चार महिने माहेरी. परत कधी आणायचं, आणायचं का, ते मग बघू. मोरू, तुझं वय काय थांबतंय? घराण्याला पुढे कुणी नको?"

वहिनीचा घास हातातच राहिला. दादा म्हणाला, "आई, वैजू कुठेही जाणार नाही. तीन काय, दहा गेली तरी नाही. हे मी तुला मागेही सांगितलंय."

"तू बायकोचा बैल आहेस."

"असेन."

माझ्याच्यानं राहवेना. "आई, दोष तिच्यात नाहीच आहे. आपल्यात आहे. दादात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. झालं, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण आता मागे येणं नव्हतं.

"अण्णा कारखान्यात कसे फिरायचे, आठवतं?" मी दादाला विचारलं.

"न आठवायला काय झालं? ह्याला म्हणायचे सोंड लाव, त्याला म्हणायचे थांब, ओलं आहे अजून."

"स्वतः हात लावायचे?"

"आखणी सोडली तर कशालाच नाही."

"पण ते नसले की?"

"गोंधळ."

"पोटात मूल घडतं ना, तिथेही असंच असतं. प्रत्येक पेशीत सगळं माणूस घडवण्याइतकी जनुकं असतात, पण सगळी एकदम कामाला लागली तर नुसता गोळा होईल. म्हणून काही प्रथिनं अण्णांसारखी फिरतात. डीएनएवर नेमक्या जागी जाऊन बसतात आणि सांगतात, तू सुरू हो, तू बंद हो. त्यांच्यात एक छोटासा भाग असतो, होमिओडोमेन म्हणतात, तो डीएनएच्या खाचेत बसतो. माशीत तोच, माणसात जवळपास तोच. मी त्यातल्याच एकाला माशीत नको त्या जागी कामाला लावते, तर पायावर डोळा येतो."

"पायावर?" वहिनी म्हणाली.

"पायावर. माणसात त्या घराण्यातलं सिक्स-थ्री नावाचं एक आहे. त्याची जागा कपाळापासून ओठापर्यंत, मधोमध. मेंदूचे दोन भाग कर, दोन डोळे लांब लांब ठेव, ही कामं त्याच्या देखरेखीखाली होतात. बाईला दिवस गेल्याचं कळतं न कळतं तेव्हाच. त्या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. दादाची एक प्रत बिघडलेली आहे. म्हणजे दोन अण्णांच्या जागी एकच. कधी तेवढ्यात निभावतं, फक्त मधे दोनाऐवजी एक दात येतो. कधी निभावत नाही."

दादाची जीभ त्या दाताला लागली, मला दिसलं.

"हा दात?" आई म्हणाली. "अगं, हा देवाचा प्रसाद आहे."

"आई, वहिनीचं रक्त स्वच्छ आहे. माझंही आहे. दादाला ते अण्णांकडून आलं, अण्णांना आजोबांकडून."

आईनं आमटीची पळी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "मग माझी दोघं?"

हे माझ्या लक्षातच नव्हतं, खरंच सांगते. दादाच्या पाठची, माझ्या आधीची दोन बाळंतपणातच गेली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कधी बोलत नव्हतं.

"ती पण त्यातलीच असणार, आई."

"माझ्यामुळे नाही?"

"नाही गं."

"तुझी आजी म्हणायची, मी ग्रहणात विळीवर बसले म्हणून. पाहुणे आले होते, भाजी कोण चिरणार होतं? बसले मी. दुसऱ्याच्या वेळी तर ग्रहणही नव्हतं. तरी तेच. मला कुणाची ओटी भरायला जाऊ दिलं नाही तिनं, जिवंत होती तोवर."

"विळीचा काही संबंध नाही, आई."

आईला रडू आलं नाही. ती उठली, फळीवरून तुपाचं भांडं काढलं आणि वहिनीच्या भातावर तूप वाढलं. नको नको म्हणताना आणखी वाढलं. "जेव. सकाळपासून काही खाल्लं नाहीस," म्हणाली. वहिनीनं आईचा वाढता हात धरला नि ओक्साबोक्शी रडायला लागली. मीही रडले. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

दुपारी वहिनी गुणगुणत भांडी घासत होती. मी कारखान्यात गेले. गडी जेवायला गेले होते. फळ्यांवर पांढरे गणपती रांगेनं उभे होते, बिनडोळ्यांचे. दादा ब्रश न घेता नुसताच बसला होता.

"हेमा, पुढचं मूल?"

"निम्मी शक्यता. नाणं उडवल्यासारखं. छाप पडला तर अगदी धडधाकट."

"आणि काटा पडला तर?"

"आता तपासणी लवकर करता येते, दादा. आधीच कळेल."

"कळून?"

"काढावं लागेल."

"म्हणजे परत तेच."

मी त्याच्या शेजारी बसले. तो म्हणाला, "दुसरं मी बघितलं होतं. नर्सनं तोंडावर फडकं टाकलेलं. मी काढलं. मी रोज डोळे आखतो, हेमा. कुठला डोळा कुठे हवा हे मला झोपेतही कळतं. त्याचे..." तो पुढे बोललाच नाही. "वैजूला मी सांगितलं, छान होतं, तुझ्यासारखं होतं. आयुष्यात एकदाच खोटं बोललो."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"रविवारी तिचा भाऊ येतोय ना? येऊ दे," तो म्हणाला.

"आता कशाला? आई स्वतःच निरोप पाठवेल, येऊ नको म्हणून."

"आई नाही. मी पाठवतोय तिला. कायमची. फारकत देणार."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी त्याच्यावर अशी खेकसले की फळीवरचा उंदीर पळाला. "डोकं फिरलंय का तुझं? आत्ता जेवताना तर म्हणत होतास, दहा गेली तरी नाही!"

"तेव्हा दोष तिचा आहे असं वाटत होतं. तिचा होता तर मी कसा सोडणार तिला? आता माझा आहे. ती अजून तिशीची नाही. दुसऱ्याकडे गेली तर पुढच्या वर्षी मांडीवर मूल असेल, दोन डोळ्यांचं, चांगलं. मी धरून ठेवायचं का तिला?"

"दत्तक घ्या."

"तिनं प्रत्येक वेळी नाव ठरवलंय. तिला पोटातलं हवंय."

"तिला विचार तरी, मूर्खा!"

"विचारलं तर ती राहील," दादा म्हणाला. "म्हणून विचारणार नाही. आणि तूही सांगायचं नाहीस."

मी त्याला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्यानं एकदा ठरवलं की ठरवलं, अगदी अण्णांवर गेलेला. करायला गेले गणपती नि झालं माकड, अशी माझी गत झाली. वहिनीचं घर वाचवायला मी आले होते.

रविवारी वहिनीचा भाऊ नंदू आला. आईनं त्याला केळीच्या पानावर जेवायला वाढलं आणि म्हणाली, "वैजूला नेऊ नकोस हो, माझंच चुकलं होतं." बिचारा गोंधळून गेला. तेवढ्यात दादा आत आला. दारातच उभा राहून म्हणाला, "घेऊन जा तिला, नंदू. मला नकोय ती. माझं मन उडालंय."

आई किंचाळली, "मोरू!"

"कागद मी पाठवीन. दागिने सगळे ने."

वहिनी माजघराच्या दारात होती. तिनं दादाकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. तिनं एक अक्षर विचारलं नाही. आत गेली, बॅग भरली, देवाला नि आईला नमस्कार केला. आई तिला सोडेना. "वैजू, मी त्याला बघते, तू जाऊ नको गं," म्हणत पदराला धरून बसली. मीच आईचे हात सोडवले, देवा. दादा केव्हाच कारखान्यात निघून गेला होता.

रिक्षा कोपऱ्यावर उभी होती. नंदू बॅगा मागे टाकत होता. मी धावत गेले. सांगायचं नाही म्हणून दादानं बजावलं होतं, पण माझ्या पोटात काही राहतं का?

"वहिनी, उतर. तो खोटं बोलतोय. तू त्याला नकोशी झालेली नाहीस. तुला मूल व्हावं म्हणून घालवतोय तो."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"वन्सं, ह्या माणसाला चहात साखर कमी पडली तरी गोड झालाय म्हणता येत नाही. कॅलेंडरला सांगत होता मन उडालं म्हणून. मला कळणार नाही?"

"मग चल की परत! मी बघते त्याच्याकडे. आई तर पाया पडेल तुझ्या."

ती उतरली नाही. पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. "उतरायचं असतं तर आतच त्याला म्हटलं असतं, पुरे झालं नाटक, हात धुऊन ये. मला बोलता येतं."

"मग?"

"मला मूल हवंय, हेमा," ती म्हणाली. मला नावानं तिनं कधी हाक मारली नव्हती. "दोष माझ्यात आहे असं वाटायचं ना, तोवर गप्प होते. देवानं नाही दिलं, संपलं. पण तू त्या दिवशी सांगितलंस माझं रक्त स्वच्छ आहे, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काहीच नाही. मला होईल. मला चांगलं होईल. त्याच्या शेजारी बसून मला हे वाटतं. तो भात कालवत असतो आणि मला हे वाटतं. लाज वाटते गं मला. जीव तुटतो त्याच्यासाठी. पण वाटतं."

रिक्षावाला म्हणाला, "ताई, निघायचं का?"

"निघू या," वहिनी म्हणाली. मग माझा हात दाबून म्हणाली, "मला कळलं होतं, हे त्याला सांगू नका. त्याला वाटू दे, मी रागावून गेले."

रिक्षा वळली. मी भर रस्त्यात उभी राहून रडले. येणारेजाणारे बघत होते, बघू देत. पुढे तिचं माणगावला लग्न झालं, मुलगी झाली, मग मुलगा झाला, दोघंही धडधाकट. हे सगळं मला परस्पर कळत गेलं. दादानं पुन्हा लग्न केलं नाही. पण हे नंतरचं.

मी तोंड धुऊन कारखान्यात गेले. दादा मांडी घालून एका मूर्तीसमोर बसला होता. रविवार, गडी नव्हते.

"गेली?"

"गेली."

"रडली?"

"नाही."

"काही म्हणाली?"

"शिव्या घातल्या तुला," मी म्हटलं. "माणूस नव्हेस, दगड आहेस म्हणाली. मेलास तरी तोंड बघायला येणार नाही म्हणाली."

"खरंच?"

"मी कधी खोटं बोलते का?"

दादानं मान हलवली. ब्रश पाण्याच्या डब्यात टाकला. "मग करेल ती दुसरं लग्न," तो म्हणाला. "बरं झालं." आणि दोन्ही हात मांडीवर टाकून तो मोठमोठ्यानं रडायला लागला. आई आतून धावत आली, काय झालं काय झालं म्हणत. मी तिला हातानं थांबवलं आणि त्याला रडू दिलं.